गाठ तीच, साल वेगळं

निघण्याआधी एवढं ठरवून घेऊ. तुमचं वय ५५, पाळी थांबून काही वर्षं झालेली. डाव्या स्तनात, काखेच्या अंगाला, दोन सेंटिमीटरहून जराशी लहान गाठ; कर्करोगाचीच. काख चाचपली तर बोटांना काही लागत नाही. वाचणारे पुरुष असाल तर तेवढ्या वेळापुरत्या बाई व्हा. तसाही हा आजार पुरुषांना चुकलेला नाही, शंभर रुग्णांमागे एखादा पुरुष असतोच. गाठ शेवटपर्यंत हीच राहणार. बदलत जाईल ते साल, आणि सुरी तुमच्या काखेत किती आत शिरते ते.

१८९४, बाल्टिमोर.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडून पाच वर्षं झाली आहेत. जवळच्या फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्याला आठ वर्षं लोटली. इथल्या वैद्यकीय शाळेत गेल्या वर्षीपासून मुलीही शिकताहेत, पण त्या पैसे उभे करणाऱ्या बायकांनी तशी अटच घातली म्हणून. तुम्हाला नेलं जातंय त्या खोलीत मात्र ठरवणारे सगळे पुरुष आहेत, आणि तुमचं मत विचारायची रीत नाही.

मधोमध विल्यम हॉल्स्टेड. सदरे धुवायला पॅरिसला पाठवणारा, मोजकं बोलणारा, कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यात अडकलेला आणि पुढे मॉर्फिनची सवय जगापासून लपवत राहिलेला माणूस. इथले रबरी हातमोजेही त्याचेच. कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी जंतुनाशकाने सोलवटत होती, म्हणून त्याने ते गुडइयर कंपनीकडून करवून घेतले. पुढे तिच्याशीच त्याने लग्न केलं.

तुम्हाला गुंगी दिली आहे, तरी प्रवासी म्हणून पाहायची मुभा आहे. पाहा. सुरीला घाई नाही. बेशुद्धीचं औषध येण्याआधीचे सर्जन मिनिटं मोजत; हा एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बारीक रेशमाने बांधत बसतो. स्तन, त्यावरची कातडी, खालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतली सगळी चरबी आतल्या ग्रंथींसकट, असं सारं एकसंध तुकड्यात निघतं. मधूनच कापलं तर रोगाच्या पेशी जखमेत सांडतील, हे त्याचं गणित. काखेतल्या मोठ्या शिरेवर चरबीचा कणही उरत नाही. कातडी पुरत नाही तिथे मांडीची पातळ कातडी आणून लावतात.

तुमची काख तर चाचपून स्वच्छ होती. मग हे कशासाठी? कारण बर्लिनच्या फिरखोने लसीका ग्रंथी म्हणजे गाळणी असं सांगून ठेवलं आहे. स्तनातलं पाणी बारीक वाहिन्यांतून काखेकडे जातं, कर्करोगही त्याच वाटेने टप्प्याटप्प्याने जातो आणि गाळणीत अडकून पडतो. तो पुढे सरकण्याआधी गाळणीच उचलून टाकली की माणूस वाचला. ऐकायला बिनतोड वाटतं. पुढची ऐंशी वर्षं बहुतेक सर्जनांना तसंच वाटत राहणार आहे.

या वर्षी हॉल्स्टेड ५० बायकांचा हिशेब छापतो. शस्त्रक्रियेच्या जागी रोग उलटला तो फक्त तिघींना, म्हणजे ६ टक्के. व्हिएन्नाच्या बिलरॉथच्या नोंदींत हाच आकडा ८२ आहे. हॉल्स्टेडला खलनायक ठरवणं आजकाल सोपं झालंय, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या गाठी मोठ्या, कित्येकींच्या फुटून वाहणाऱ्या. त्यांच्यासाठी छातीवर पुन्हा जखम न होणं ही लहान गोष्ट नव्हती. फसलात त्या तुम्ही. दोन सेंटिमीटरच्या गाठीलाही तोच न्याय लागला, आणि जागच्या जागी रोग न उलटणं म्हणजे जगणं, असा समज पक्का झाला.

तुम्ही घरी जाता तेव्हा फासळ्या कातडीखाली मोजता येतात आणि डावा हात खांद्याच्या वर जात नाही. काही महिन्यांनी तो सुजू लागतो. सूज संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. मग सकाळीही तेवढीच. हॉल्स्टेडच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. मरणाच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, त्याने या सुजेवरच निबंध लिहिला आणि तिला हत्तीरोगाचं नाव दिलं, सर्जनने केलेला हत्तीरोग अशा अर्थाचं. स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या परिणामाला इतकं रोखठोक नाव देणारे सर्जन थोडेच.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १९२०च्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स, अर्थतज्ज्ञ केन्सचा धाकटा भाऊ, स्तन न काढता रेडियमच्या सुया टोचतोय. लोक ऐकून घेतात आणि आपापल्या सुऱ्या परजायला जातात. १९४८ मध्ये लंडनचाच पेटी मोठा स्नायू जागेवर ठेवून काख साफ करायची रीत मांडतो. त्याच वर्षी एडिनबर्गचा मॅकविर्टर सांगतो की नुसता स्तन काढा, काखेला किरणोपचार पुरे. न्यूयॉर्कमध्ये वारा उलटा वाहतोय. तिथे अर्बनसारखे सर्जन छातीच्या हाडामागच्या ग्रंथीही काढू लागले आहेत. रोग उलटला तर आपण पुरेसं कापलं नाही, एवढाच निष्कर्ष त्यांना सुचतो.

१९७१, अमेरिका. इथे जरा थांबू.

तुमच्यासमोर एक कागद आहे. स्तनात गाठ आली की बाईला गुंगी द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कर्करोग निघाला तर त्याच गुंगीत सगळं उरकायचं, अशी इथली सर्रास पद्धत. शुद्धीवर आल्यावर छातीला हात लावून काय झालं ते कळायचं. या कागदाने मात्र तुम्हाला आधीच विचारलं आहे. तीन रस्ते आहेत: हॉल्स्टेडची पूर्ण शस्त्रक्रिया; नुसता स्तन काढून काखेला किरणोपचार; किंवा नुसता स्तन काढून काखेला काहीही न करणं. कुठला तुमच्या वाट्याला येईल ते नशिबावर.

तुम्ही डॉक्टरांना विचारता, “तुमच्या आईला गाठ असती तर?”

“मला खरंच माहीत नाही,” ते म्हणतात. “म्हणूनच हा कागद.”

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर हा प्रयोग चालवताहेत. प्रयोगशाळेत त्यांनी प्राण्यांच्या ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सोडून पाहिल्या, तर त्या अडकल्याच नाहीत. बऱ्याचशा पलीकडून बाहेर पडल्या. गाळणी गळकी निघाली. मग त्यांनी उलटा विचार मांडला: हा रोग फार लवकर रक्तात उतरतो, आणि बाई जगणार की नाही ते काखेत ठरत नाही. अमेरिकेतल्या कित्येक सर्जनांनी हे बोलणं जवळजवळ गुन्ह्यात जमा केलं. चाचपून काख स्वच्छ असलेल्या १,०७९ आणि काखेत ग्रंथी लागणाऱ्या ५८६ बायका मात्र या प्रयोगात सामील झाल्या. वैद्यकाच्या इतिहासात सर्जनांची नावं राहतात. या १,६६५ बायकांची यादी कुणाला पाठ नसते, पण तुमच्या काखेचं भवितव्य ठरवलं ते त्यांच्या सह्यांनी.

तुमच्या वाट्याला तिसरा रस्ता येतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पहिला. तिच्या गटातल्या काखा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या तेव्हा शंभरातल्या सुमारे ४० जणींच्या ग्रंथींत रोग निघाला, वरून काही लागत नसताना. वाटण्या नशिबाने झालेल्या, म्हणजे तुमच्या गटातही तितक्याच जणींच्या काखेत रोग तसाच मागे राहिलेला असणार. तरी पुढच्या काळात तुमच्या गटात काखेत गाठ वर आली ती शंभरातल्या १८-१९ जणींनाच. ती नंतर काढली. बाकीच्यांचं काय झालं? शरीराने निस्तरलं की पेशी नुसत्या पडून राहिल्या, ते काही असो. २५ वर्षांच्या पाठपुराव्याचा शेवटचा हिशेब २००२ मध्ये छापून आला तेव्हा तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं.

पण ते पुढे. अजून तुम्ही सत्तरच्या दशकात आहात, आणि १९७४ च्या सप्टेंबरात टीव्हीवर बातमी येते की राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन काढला. स्नायूंसकट, जुन्या रीतीने. व्हाइट हाउसपर्यंतसुद्धा नवा विचार पोचलेला नाही. पाच वर्षांनी राष्ट्रीय आरोग्य संस्थेची एक समिती हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया बाजूला ठेवायला सांगते. त्या समितीत डॉक्टर नसलेली एकच व्यक्ती असते, रोझ कुशनर. पत्रकार, आणि स्वतः रुग्ण. बायोप्सी आणि ऑपरेशन एकाच गुंगीत उरकू देणार नाही म्हणून ती सर्जनांशी भांडली होती.

आता तुम्हाला वाटेल काखेची सुटका झाली. तसं होत नाही, आणि या सगळ्या कथेतलं मला सर्वात रंजक वाटणारं वळण हेच. १९७६ मध्ये मिलानचे बोनादोना दाखवून देतात की काखेत रोग पोचलेल्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिली तर रोग उलटण्याचं प्रमाण खूप घटतं. मग केमो कुणाला द्यायची? जिच्या ग्रंथींत रोग आहे तिला. आणि ते कळायला ग्रंथी बाहेर काढायला हव्यात. ज्या ग्रंथी रोग अडवण्यासाठी काढत होते त्याच आता बातमी कळावी म्हणून काढू लागले. कारण पार उलटं झालं, तरी बाईच्या काखेतली चीर जवळपास तीच राहिली.

तर १९८५ च्या सुमाराला, कुठल्याही मोठ्या शहरात, तुमचा स्तन कदाचित वाचला आहे, पण काखेतून दहा-वीस ग्रंथी गेल्या आहेत. बाजूला नळी, तिला लटकणारी बाटली. दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्श कळत नाही, कारण तिथली नस कापली गेली. या हाताला सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको, पाण्याची कळशी नको, विळीवर कापून घेऊ नका. एवढं पाळूनही पाचातल्या एकीचा हात सुजतो. बांगड्या चढेनाशा होतात, ब्लाउजची एक बाही उसवून सैल करावी लागते. कित्येक बाया कर्करोगाबद्दल बोलत नाहीत, पण या हाताबद्दल बोलतात, कारण तो रोज दिसतो आणि रोज दुखतो.

१९९४, सांता मोनिका, कॅलिफोर्निया.

अरमांडो जुलियानो तुमच्या गाठीभोवती निळ्या रंगाची सुई देतात आणि थांबतात. कल्पना अशी, की स्तनातलं पाणी काखेत कुठेही पसरत नाही. ते आधी ठराविक एका-दोन ग्रंथींकडे जातं. त्या शोधल्या की झालं. त्यांत रोग नसेल तर पुढच्यांत असण्याचा संभव फार कमी. लिंगाच्या कर्करोगात कबानास यांनी १९७७ मध्ये हे मांडलं होतं, त्वचेच्या मेलानोमात मॉर्टन यांनी दोन वर्षांपूर्वी करून दाखवलं. काखेत लहानशी चीर. चरबीत एक निळी रेघ दिसते, सर्जन तिच्या मागे मागे जातात आणि निळी झालेली ग्रंथी सापडते. सेंटिनेल नोड.

सुरुवातीला ती हमखास सापडते असं नाही. इथल्या पहिल्या १७४ शस्त्रक्रियांत ती ११४ वेळाच सापडली. पण सापडली तेव्हा तिने सांगितलेलं जवळपास दरवेळी खरं निघालं. तिकडे व्हरमाँटमध्ये डेव्हिड क्रॅग हेच काम किरणोत्सारी द्रव्याने करताहेत. हातातलं उपकरण काखेवर फिरवायचं, आवाज वाढेल तिथे कापायचं. निळ्या रंगामुळे शुद्धीवर आल्यावर लघवी हिरवट-निळी होते आणि नाकाडोळ्यांभोवती राखाडी छटा दिसते. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन खोटाच कमी दाखवतं, कारण रंग त्यालाही फसवतो. परिचारिका नवी असेल तर धावाधाव होते. दोन दिवसांत सगळं ओसरतं. हात आपल्या जागी, आपल्या आकारात.

पुढे मिलानमध्ये वेरोनेसींनी ५१६ बायकांवर आणि क्रॅग यांनी अमेरिका-कॅनडातल्या ५,६११ बायकांवर हे तपासून पाहिलं. पहिला नोड स्वच्छ असेल तर काख साफ केल्याने काही जास्त हाती लागत नाही.

२००८, परळ.

परभणीहून रात्रीच्या गाडीने आला आहात. सोबत सून. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. टाटा हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात बसायला जागा नाही, आणि भोवतालच्या बहुतेक बायकांच्या गाठी तुमच्याहून खूप मोठ्या आहेत. त्यांच्यासाठी सेंटिनेल नोडचा प्रश्न आज उद्भवतच नाही. तुमची काख चाचपून तरुण डॉक्टर म्हणते, “मावशी, तुमचं लवकर लक्षात आलं.” पण परळात जमलं ते परभणीत, अकोल्यात, रत्नागिरीत कसं जमायचं? किरणोत्सारी द्रव्य आणायचं कुठून, ते उपकरण घ्यायचं कुणी?

राजेंद्र बडवे, वाणी परमार आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाला भिडले आहेत. काखेतून आडवी जाणारी एक नस असते, तीच जी पूर्वी सरसकट कापली जायची. तिच्या खालच्या भागातली चरबी तेवढी एकत्र काढायची. रंग नको, यंत्र नको. काखेची रचना ठाऊक असलेला सर्जन पुरे. यात पहिला नोड येतोच येतो का, ते तपासायचं आहे. त्यासाठी तुमच्यावर आधी सेंटिनेल नोड, मग हा खालचा भाग आणि शेवटी पूर्ण काख, असं तिन्ही होणार, म्हणजे एकाचा पडताळा दुसऱ्याशी घेता येईल. थोडक्यात, पुढच्या बाईची काख वाचावी म्हणून तुमची जाणार. सून दोनदा विचारते, “करायलाच पाहिजे का?” कुणी जबरदस्ती करत नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून येतो: दोन्ही रीतींची चूक दहा ते तेरा टक्क्यांच्या घरात, म्हणण्यासारखा फरक नाही. युरोप-अमेरिकेत काखेची शस्त्रक्रिया आक्रसत गेल्याच्या बातम्या मराठीत येतात. परळातल्या या कामाची बातमी मी क्वचितच वाचली.

२०११. गाव कुठलंही घ्या. प्रवासाच्या सोयीसाठी या खेपेला तुमच्या सेंटिनेल नोडमध्ये रोग निघाला आहे. कालपर्यंत याचा एकच अर्थ होता: पूर्ण काख साफ. पण फेब्रुवारीत जुलियानो यांनी एक प्रयोग छापला आहे. त्यात अशाच बायका होत्या. गाठ लहान, एक-दोन नोडमध्ये रोग, स्तन वाचवून किरणोपचार घेतलेला. अर्ध्या जणींची काख साफ केली, अर्ध्यांची सोडून दिली. साफ केलेल्यांपैकी २७ टक्के जणींच्या उरलेल्या ग्रंथींतही रोग होता, म्हणजे सोडून दिलेल्यांतही साधारण तितकाच मागे राहिला. पाच वर्षांनी जिवंत होत्या: साफ केलेल्यांत ९१.८ टक्के, सोडलेल्यांत ९२.५. काखेत रोग उलटला तो दोन्हीकडे शंभरात एकीपेक्षा कमी.

बैठकीत जुने सर्जन कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदी पोकळ नाही. १,९०० बायका घ्यायच्या होत्या, ८९१ वरच थांबावं लागलं. स्तनाला दिलेल्या किरणांचा काही भाग काखेवरही पडला असणार. मग सोडलं ते खरंच सोडलं का? दहा वर्षांचे आकडे आले तरी निकाल बदलला नाही. मधल्या काळात युरोपातल्या आणखी एका प्रयोगाने दाखवलं की रोग असलेल्या काखेला सुरीऐवजी किरण दिले तरी भागतं आणि हात सुजण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं.

२०२५, पुणे. शेवटचा मुक्काम.

तुमच्या गाठीचा तुकडा आधीच तपासला आहे: हार्मोनला प्रतिसाद देणारी, हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेली, सौम्य प्रतीची. औषध कुठलं द्यायचं ते आता मुख्यतः गाठच सांगते. काखेकडून कळायचं फारसं उरलेलं नाही. सर्जन बाई काखेची सोनोग्राफी दाखवतात, सगळं साफ. मग म्हणतात, “काकू, तुमच्या बाबतीत निळा रंग घालून नोड शोधायचा की नाही, याचाही विचार करता येईल.”

“म्हणजे काखेला हातच लावायचा नाही?”

त्या दोन प्रयोगांबद्दल सांगतात. इटलीतून चाललेला एक २०२३ मध्ये आला: लहान गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ काख असलेल्या बायकांत एका गटाचा पहिला नोड काढला, दुसऱ्याच्या काखेला हात लावला नाही, पाच वर्षं शरीरात दूर कुठे रोग न पसरता गेली ती ९७.७ आणि ९८ टक्के जणींची. जर्मनी-ऑस्ट्रियाचा त्याहून मोठा, २०२४ च्या डिसेंबरात. तिथेही निकाल जवळपास तोच. हात लावला नाही तर काखेत रोग उलटण्याचं प्रमाण किंचित जास्त, शंभरात एक. हात सुजण्याचं प्रमाण मात्र ५.७ वरून १.८ टक्क्यांवर. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही या वर्षी पन्नाशीपुढच्या, पाळी थांबलेल्या, अशाच लहान गाठीच्या बायकांसाठी ही मुभा दिली आहे.

मग त्या बोटांवर अडचणी मोजतात. तुम्ही चाळिशीच्या आतल्या असता किंवा गाठ हर-टू जातीची असती तर हे बोलणं निघालंच नसतं. काखेत चार नोडमध्ये रोग आहे की एकातही नाही, यावर काही नवी औषधं ठरतात. ते प्रश्न अजून मिटलेले नाहीत. काख सोडायची तर सोनोग्राफी जाणत्या हाताने केलेली हवी, कारण स्वच्छ म्हणण्याचा सगळा भार तिच्यावर. किरणोपचार कसा द्यायचा तेही आधीच ठरवावं लागेल. आणि शेवटी त्या विचारतात की परभणीला गेल्यावर दर सहा महिन्यांनी तपासायला यायला जमेल ना, की शेतीच्या हंगामात राहून जाईल. कारण राहून जाणार असेल, तर निळा रंग घालून एक-दोन नोड आत्ताच काढून घेतलेले बरे.